कानातली शिट्टी आणि झिंकची गोळी

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझ्या मिस्टरांचं वय ५३. लग्नाच्या आधीपासून ते यंत्रमागावर आहेत, आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे, आहेत. वर्षभरापासून त्यांच्या दोन्ही कानांत बारीक शिट्टीसारखा आवाज सतत येतो. कामावर कळत नाही, पण रात्री झोप लागू देत नाही. चिडचिड फार वाढलीय. शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे. ओळखीतल्या एकाने सांगितलं की शरीरातले झिंक, सेलेनियम असले सूक्ष्म घटक कमी झाले की कान वाजतात. त्याच्या सांगण्यावरून पाच महिने झिंकची गोळी सकाळी एक, रात्री एक अशी चालू आहे. पाकिटावर ५० मिलिग्रॅम लिहिलंय. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणीही पितात. फरक काही नाही. आता तोच माणूस म्हणतो, केस कापून तपासणीला पाठवा, सगळ्या धातूंचा रिपोर्ट येतो, साडेपाच हजार रुपये लागतील, मग त्याप्रमाणे कोर्स करू. करावं का? मलाही अशक्तपणा वाटतो म्हणून मधूनमधून त्यांच्यातलीच एक गोळी घेते. मी घरी विड्या वळते, वय ४४. आडवं पडलं की माझ्याही कानात कधी कधी धक् धक् ऐकू येतं, पण पाळीत अंगावरून फार जातं, त्याने असेल. माझं काही नाही. यांचं तेवढं सांगा.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, यांचं तर सांगतेच, पण "माझं काही नाही" म्हणून तुम्ही जे शेवटी घाईघाईने उरकलंत, त्यावरही मी बोलणार आहे. शरीरातले सूक्ष्म घटक आणि कान यांचा संबंध तुमच्या घरात असलाच, तर तो मिस्टरांच्या शिट्टीत कमी आणि तुमच्या धक् धक् मध्ये जास्त असण्याची शक्यता मला दिसते.

आधी गोळ्यांचं, कारण ते आजच करायचं आहे. पाकीट हातात घेऊन बारीक अक्षरं वाचा. झिंक सल्फेट, झिंक ग्लुकोनेट असा क्षार लिहिलेला असतो, आणि त्यातून प्रत्यक्ष किती झिंक मिळतं हे "एलिमेंटल झिंक" म्हणून वेगळं दिलेलं असतं. हे दोन आकडे एक नव्हेत. झिंक ग्लुकोनेटमध्ये खरं झिंक साधारण सातवा हिस्सा असतं. झिंक सल्फेटची २२० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ५० मिलिग्रॅम झिंक. तुमच्या पाकिटावरचे ५० जर एलिमेंटल असतील, तर मिस्टर रोज १०० मिलिग्रॅम झिंक घेतायत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम पुरतं, स्त्रीला १३ च्या थोडं वर. अमेरिकेत मोठ्या माणसासाठी जेवण आणि गोळ्या मिळून ४० ही वरची हद्द धरतात. म्हणजे हद्दीच्या अडीचपट, तेही पाच महिने.

झिंकच्या गोळ्या आजपासून बंद करा, दोघांच्याही. हळूहळू कमी करत आणण्याची गरज नाही.

इतक्या तातडीने का सांगतेय? जास्त झिंक पोटात गेलं की आतड्याच्या पेशींमध्ये धातूंना धरून ठेवणारं एक प्रथिन जास्त तयार होतं. ते झिंकपेक्षा तांब्याला घट्ट पकडतं. मग जेवणातलं तांबं रक्तात न जाता त्या पेशींतच अडकतं, आणि चार-सहा दिवसांनी पेशी गळल्या की त्यांच्याबरोबर शौचावाटे निघून जातं. विल्सन नावाचा एक आजार आहे, त्यात शरीरात तांबं साठत जातं. त्या रुग्णांना तांबं अडवण्यासाठी मुद्दाम झिंक देतात, ५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. तुमच्या मिस्टरांचा डोस त्याच्या दोन तृतीयांश आहे, आणि त्यांच्या अंगात तर तांबं जास्त झालेलं नाही.

त्यामुळे तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचा इथे काही उपयोग नाही. त्या पाण्यात उतरणारं थोडंसं तांबंही याच वाटेने जाणार. भांडं हौसेने वापरायचं असेल तर वापरा, फक्त त्यात ताक किंवा लिंबूपाणी ठेवू नका. कान मात्र त्या पाण्याने थांबणार नाही.

तांबं फार कमी झालं की रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, आणि मज्जारज्जूला इजा होऊन पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. इथे एक अडचण आहे, ती नीट लक्षात घ्या. मिस्टरांना शुगर आहे. त्यांनी उद्या तळपायाला मुंग्या येतात म्हटलं तर घरचेच काय, डॉक्टरही आधी शुगरला दोष देतील. शिवाय मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होतं, त्यानेही अशाच मुंग्या येतात. तीन कारणं, लक्षण एकच. म्हणून ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना "पाच महिने झिंक चालू होतं, एवढ्या ताकदीचं" हे आपणहून सांगा. "दुसरं काही औषध चालू आहे का?" असं विचारलं की लोक "नाही" म्हणतात, कारण झिंक, कॅल्शियम, काढे, भस्म यांना कुणी औषध मानतच नाही. पाकीटच सोबत न्या. रक्ताची साधी तपासणी, म्हणजे सीबीसी, आणि बी-१२ हे दोन्ही करून घ्या. सीबीसीत गडबड दिसली किंवा चालण्यात फरक वाटला तर रक्तातलं तांबंही तपासावं लागेल.

आता, झिंकची ही गोष्ट आली कुठून? तुमच्या ओळखीच्या माणसाने ती हवेतून काढलेली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. आतल्या कानाच्या ज्या भागाला आम्ही कॉक्लिया म्हणतो, त्यात झिंक खरंच चांगल्या प्रमाणात असतं. पेशींना इजा करणाऱ्या मुक्त ऑक्सिजन कणांना निकामी करणारं एक एन्झाइम तिथे काम करतं, त्याला तांबं आणि झिंक दोन्ही लागतात. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवरच्या पहिल्या ठाण्यात, मज्जापेशींच्या जोडांवरही झिंक आढळतं आणि आवाजाचा संदेश किती जोरात पुढे जावा यात त्याचा हात असतो. कान वाजणाऱ्या काही लोकांच्या रक्तात झिंक कमी असल्याचंही काही अभ्यासांत दिसलं होतं. एवढं कळल्यावर "मग झिंक देऊन पाहू" असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं, आणि त्यांनी देऊन पाहिलं.

त्या प्रयोगांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली घेतला. काही जणांना झिंक, काही जणांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, अशा पद्धतीचे तीन अभ्यास त्यांना सापडले, मिळून २०९ माणसं. झिंकने कानातला आवाज कमी होतो याचा पुरावा त्यात मिळाला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने त्याआधीच, २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, कान वाजण्यासाठी झिंक, गिंको नावाच्या झाडाचा अर्क किंवा इतर कुठलीही पूरक गोळी सुचवू नये असं स्पष्ट म्हटलं होतं. सेलेनियमची गत वेगळी नाही. उलट त्याची गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, आणि ते जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

मॅग्नेशियमबद्दलही कुणी सांगेल म्हणून आत्ताच लिहून ठेवते. ते सूक्ष्म घटकांत मोडत नाही, शरीराला ते बरंच लागतं. इस्रायलच्या सैन्यात नव्याने भरती झालेल्या जवानांना रोज १६७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम देऊन पाहिलं होतं, तो अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. गोळीबाराच्या आवाजाने होणारं नुकसान त्यांच्यात काहीसं कमी झालं. पण ती इजा होण्याच्या वेळची राखण होती. वीस-पंचवीस वर्षांनी वाजू लागलेल्या कानाचा तो इलाज ठरत नाही.

केसांच्या तपासणीचं विचारलंत. करू नका. केसात धातू सापडतात हे खरं, पण ते शरीरातून आलेत की बाहेरून लागलेत हे केस सांगत नाही. कोंड्याच्या कित्येक शाम्पूंमध्ये झिंक असतं, काहींमध्ये सेलेनियम असतं. डाय, पाणी, घाम, कारखान्यातली धूळ, सगळं केसांवर बसतं. २००१ साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवले, तर कित्येक धातूंच्या आकड्यांत दहापटीचा किंवा त्याहून जास्त फरक आला. माणूस तोच, डोकं तेच. आणि अशा रिपोर्टची एक गंमत असते. इतक्या रकान्यांमध्ये दोन-चार तरी लाल निघतातच, आणि प्रत्येक लाल रकान्याची बाटली विकणाऱ्याकडे तयार असते. तपासणी आणि कोर्स एकाच माणसाकडून घ्यायचा असेल तर तिथेच थबकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

"मग रक्तातलं झिंक तपासू का?" असं तुम्ही विचाराल. मोठ्या माणसाच्या अंगात मिळून दोनेक ग्रॅम झिंक असतं, त्यातलं हजारातला एखादा भाग रक्तद्रवात फिरतो. तोही जेवल्यावर उतरतो, साध्या तापात, कुठे सूज असली तरी उतरतो. तांबं याच्या उलट वागतं, सूज आली की वाढतं. त्यामुळे "झिंक कमी, तांबं जास्त" असा रिपोर्ट सर्दी-तापातल्या माणसाचाही येऊ शकतो. जुनाट जुलाब, आतड्याचा आजार, फार कमी आहार अशी कारणं असतील तर ही तपासणी कामाची. मिस्टरांच्या बाबतीत तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. शुगर जास्त राहिली की लघवीवाटे झिंक थोडं जास्त जातं हे खरं, पण त्यावर इलाज शुगर आटोक्यात आणणं हाच.

धातूंपैकी कानाला खरोखर त्रास देणारे म्हणजे शिसं आणि पारा. मिस्टरांनी कधी बॅटरी फोडण्याच्या, शिसं वितळवण्याच्या कामावर मजुरी केली असेल तर रक्तातलं शिसं जरूर तपासा. आणि "सूक्ष्म घटक भरून काढणारं" म्हणून कुणी भस्म देत असेल तर ते कुठे बनलं, कोणी तपासलं, हे कळल्याशिवाय तोंडात घालू नका. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांचे नमुने अमेरिकेत तपासले तेव्हा सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. तो अहवाल २००८ चा.

इतकं सगळं घटकांचं झालं. पण मिस्टरांच्या शिट्टीचं कारण तुम्ही पत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच लिहिलंय. लग्नाआधीपासून माग.

धोट्याचे माग एका शेडमध्ये ओळीने चालू असले की आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. डेसिबलचा हिशोब फसवा आहे. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणं ही सुरक्षिततेची हद्द धरली, तर दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पाव तास. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांना ९० ची मुभा आहे, पण कानाला नियम वाचता येत नाही. पाळी बारा तासांची असली तर काय होत असेल ते तुम्हीच पाहा. मागावरची माणसं ओठ वाचून, हाताच्या खुणांनी बोलतात, याचं कौतुक होतं. इतक्या आवाजात बोलणं ऐकूच येत नाही म्हणून ती कला अंगी आलेली असते.

आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात, त्या मोठ्या आवाजाने मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. सर्वांत आधी ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे उंच पट्टीच्या जातात. म्हणून सुरुवातीला "ऐकू येत नाही" असं वाटतच नाही. ऐकू येतं, पण "स", "श", "फ" असे हवेचे वर्ण निसटतात, टीव्हीचा आवाज वाढतो, लग्नाच्या गर्दीत समोरच्याचं कळेनासं होतं. मिस्टरांचं असं होतंय का, तेवढं आठवून पाहा. मग शिट्टी कुठून येते? कानाकडून त्या पट्टीचा संदेश कमी येऊ लागला की मेंदू आपल्या बाजूने संवेदनशीलता वाढवतो. स्टेशन नीट लागत नसताना रेडिओचा आवाज वाढवला तर खरखरच मोठी होते, तसं काहीसं हे आहे. म्हणूनच शिट्टी बहुतेक वेळा त्याच उंच पट्टीची असते जी पट्टी कानातून गेलेली असते. कामावर ती मागांच्या आवाजात झाकली जाते. रात्री घर शांत झालं की एकटी उरते.

तेव्हा साडेपाच हजार रुपये केसांच्या तपासणीवर घालण्याऐवजी ऑडिओमेट्री करा. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवतात, त्याचा आलेख येतो. आलेखात ४००० वर खड्डा दिसला तर मागाच्या आवाजाने झालेली इजा असावी, असं आम्ही धरतो. जाण्याआधी कामावरून किमान चौदा-सोळा तास सुटी हवी, म्हणून आठवडी सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला जायच्या आधी गेलेलं बरं. सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा विभाग आहेच. तिथे कानात मळ आहे का हेही बघतील. हसू नका, मळाचा खडा निघाला आणि आवाज थांबला असंही होतं. मिस्टरांचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर तेही न्या. आवाजाने आलेला बहिरेपणा कामगार कायद्यातल्या, सरकारला कळवण्याच्या आजारांच्या यादीत आहे, नुकसानभरपाईच्या यादीतही आहे. मालकाला हे ऐकायला आवडत नाही, पण कागद आपल्याकडे असलेला चांगला.

कामावर कापसाचे बोळे घालत असतील तर त्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचे इयरप्लग मिळतात, अगदी स्वस्त. बोटांनी लाटून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. अर्धवट खोचलेला प्लग शोभेचा. जॉबरला मागाचा बिघाड कानानेच कळतो, प्लग घातला तर कसं कळणार, अशी तक्रार येईल. दोन-तीन आठवड्यांत सवय होते, कारण प्लगमधूनही मागाची लय ऐकू येतेच. आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपासून त्यांना लांब ठेवा. आठवडाभर मागांनी छळलेल्या कानाला सुटीच्या दिवशी तो मार नको.

शिट्टी पूर्ण जाईल का? कदाचित नाही. गोळीने तर नाहीच. पण तिचा त्रास कमी होतो, बऱ्याच जणांचा खूप कमी होतो, आणि त्याचे उपाय साधे आहेत. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र. त्याने बाहेरचे आवाज परत आले की मेंदूला शिट्टीकडे कान देण्याचं कारण उरत नाही. मिस्टर "मी काय म्हातारा झालो का" म्हणतील, तरी लावून बघा म्हणावं. रात्री पूर्ण शांतता ठेवू नका. पंखा, किंवा पावसाच्या आवाजाची ध्वनिफीत मोबाइलवर अगदी बारीक, शिट्टीपेक्षा हलकी. तिला बुडवायचं नाही, फक्त सोबत द्यायची. झोप आणि चिडचिडीसाठी मानसोपचारातली सीबीटी नावाची पद्धत आहे. आवाजाबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याच्या त्या बैठका असतात. कॉक्रेनने २०२० मध्ये तिच्या २८ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात कान वाजण्याचा जगण्यावरचा त्रास कमी होत असल्याचं दिसलं. झिंकच्या तीन अभ्यासांशेजारी हे ठेवून पाहा. "मनाचा डॉक्टर" म्हटल्यावर घरात कुजबुज होईल, ती होऊ द्या.

आणि एक धोक्याचं. एकाच कानात आवाज येऊ लागला, अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, चक्कर किंवा तोंड वाकडं झालं, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक गेलेल्या श्रवणशक्तीवर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो.

आता तुमचं.

मिस्टरांची शिट्टी आणि तुमची धक् धक् या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढच्या वेळी ऐकू आली की मनगटावर बोट ठेवून नाडी पाहा. नाडीच्या ठोक्यावरच कानात ठोका पडत असेल तर तो आवाज बहुधा मेंदूने रचलेला नाही, तुमच्याच रक्ताच्या प्रवाहाचा आहे. रक्त कमी असलं की ते पातळ होतं, हृदय ते जोराने आणि वेगाने फिरवतं, आणि कानाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांतली ती खळखळ उशीवर डोकं टेकलं की ऐकू येते. पाळीत फार जातं, अशक्तपणा आहे, वय ४४. मी तपासल्याशिवाय नक्की म्हणणार नाही, पण पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर आहे. लोह हा सूक्ष्म घटकच. फक्त त्याचं नाव कुणी महागड्या रिपोर्टमध्ये घालून विकत नाही, कारण त्याची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. तुम्ही एकट्या नाही.

जिने चढताना धाप लागते का? विड्या वळताना मधेच कच्चे तांदूळ किंवा माती, खडू चघळावासा वाटतो का? सांगायला लाज वाटते बायकांना, पण लोह कमी असल्याची ती जुनी खूण आहे. सीबीसी आणि फेरिटिन, या दोन तपासण्या करा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज. १५ च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे. सोबत बी-१२, थायरॉइड आणि रक्तदाब. बी-१२ चं सांगायचं तर त्याच्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट असतं, तोही सूक्ष्म घटकच. पण कोबाल्टच्या गोळ्या घ्यायच्या नसतात, बी-१२ घ्यायचं असतं.

आणि तुम्ही अशक्तपणासाठी घेत होतात ती झिंकची गोळी! एकत्र घेतलं तर जास्तीचं झिंक लोहालाही आतड्यात आडवं येतं. मुळात लोह कमी, त्यात ही भर. ती बंद केलीत की अर्धं काम झालं.

लोहाची गोळी डॉक्टर ठरवतील तशी, पण चहा तिच्या आधी-नंतर तासभर नको, जेवणावर तर नकोच. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाचा रंग काळा होईल, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरायला दोन-तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. बहुतेक जणी इथेच सोडतात आणि सहा महिन्यांत परत तिथेच येतात. पण नुसतं लोह भरून भागणार नाही. पाळीत इतकं का जातं, फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, आहे का, हे स्त्रीरोग विभागात सोनोग्राफी करून बघायला हवं. गळतं कुठून हे न बघता भरत राहण्यात अर्थ नाही. लोह भरूनही ठोका राहिला, किंवा तो एकाच कानात असला, किंवा डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असली, तर रक्तवाहिन्यांसाठी स्कॅन लागेल. तेव्हा कान-नाक-घसावाल्यांना तुमचंही सांगा.

जेवणाबद्दल थोडं. आपल्याकडची ज्वारी, मंगळवेढ्याची असो की कुठली, उत्तमच. तिच्यात लोह आहे, झिंक आहे, पण फायटेट नावाचा पदार्थ ते धरून ठेवतो. पीठ आंबवलं, कडधान्याला मोड आणले की फायटेट बरंचसं मोडतं. म्हणजे आंबील आणि मोडाची मटकी, हुलगे हे काही गरिबाचं जेवण म्हणून कमी लेखायचं कारण नाही. शेंगाचटणी आहेच, तीळ आहेत. अंडी, मटण खात असाल तर ते आठवड्यातून जमेल तसं, आणि वाढताना तुमच्या ताटातही पडू द्या. एवढ्यावर घरातल्या कुणालाही झिंकची वेगळी गोळी लागू नये.

साडेपाच हजारांत तुमचे दोघांचे रक्ताचे रिपोर्ट आणि मिस्टरांची ऑडिओमेट्री, खासगीत केली तरी होऊन काही उरायला हवेत. सिव्हिलमध्ये तर फार कमी लागतात. मिस्टरांच्या सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाल तेव्हा त्यांच्या सोबतीला म्हणून जाऊ नका. खिडकीवर केसपेपर दोन काढा.